घरी केलेल्या आतल्या दारांना आलेला बाक आणि पीळ : रंधा मारावा की थांबावे?

खाडीकाठ
नमस्कार. गुहागर तालुक्यात खाडीपासून थोड्या अंतरावर आमचे जांभ्या चिऱ्याचे जुने घर आहे. त्याची डागडुजी करताना आतली तीन दारे मी आणि माझ्या चुलतभावाने घरीच केली. तिन्ही दारे साधारण २ मीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद आहेत. मार्चमध्ये ती बसवली तेव्हा तिन्ही सरळ होती आणि एका बोटाने लागत होती. आता श्रावण सरत आला असताना तिघांची तीन तऱ्हा झाली आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिले दार निजायच्या खोलीचे आहे. वखारीतून आणलेल्या सागाच्या चार रुंद फळ्या कडेला कड चिकटवून हे दार केले, आणि खोलीच्या बाजूने वर व खाली एकेक आडवी पट्टी गोंद लावून स्क्रूने पक्की केली. माजघराच्या बाजूला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात दिले आहेत, तर खोलीच्या बाजूला नुसते जवसाचे तेल लावले आहे. खोलीत एसी आहे आणि तो रात्रभर चालतो. या दाराला माजघराच्या बाजूने पोट आले आहे, आणि दार लावले असता कडीच्या बाजूचा खालचा कोपरा चौकटीला टेकतो पण वरचा कोपरा ९ मिमी बाहेर राहतो.

दुसरे दार कोठीच्या खोलीचे. ते प्लायवुडचे असून बाहेरून सनमायका लावला आहे, आतून प्लाय तसाच उघडा आहे. हे दार उंचीत धनुष्यासारखे वाकले आहे आणि मधोमध ७ मिमीचा फरक पडतो. तिसरे, देवघराचे दार मात्र उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या सांगाड्यात फळ्या बसवून केलेले आहे. ते फुगून कडीच्या बाजूला थोडे घासते, पण वाकलेले नाही.

गणपतीला घर भरलेले असते, म्हणून निजायच्या खोलीचे दार तोवर लागायला हवे. गावातले सुतार म्हणतात की रंधा मारून मोकळे व्हा. आपणा सर्वांचे मत काय?

जुनी वखार
आत्ता रंधा अजिबात मारू नका. श्रावण-भाद्रपदात लाकूड वर्षातले सर्वांत जास्त फुगलेले असते. आज दोन-तीन मिलिमीटर काढून दार मोकळे केले, तर फाल्गुनात त्याच जागी एवढी फट दिसेल की माजघरातला दिवा खोलीत झिरपेल. दुसरे असे की घासणे आणि पीळ (म्हणजे चार कोपरे एका पातळीत नसणे) हे दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि रंधा पहिल्यावर चालतो, दुसऱ्यावर चालत नाही. देवघराच्या दाराला निदान कडेला मेण किंवा साबण घासून दिवाळीपर्यंत वेळ काढता येईल.

पाणसळ
दाराकडे वळण्यापूर्वी चौकट तपासून घ्यावी, असे मी सुचवेन. जांभ्याच्या भिंतीत बसवलेल्या चौकटीचे पाय ओलीत उभे असतात, आणि बरेचदा दोषाचा काही वाटा चौकटीचा असून तो सगळा दाराच्या नावावर जमा होतो.

यासाठी ओळंब्यापेक्षा दोन बारीक दोऱ्या अधिक उपयोगी पडतात. चौकटीच्या चार कोपऱ्यांवर एकसारख्या जाडीचे चार छोटे ठोकळे ठेवून त्यांवरून तिरप्या दोन दोऱ्या ताणाव्यात, म्हणजे त्या मध्यावर एकमेकींना छेदतील. दोन्ही दोऱ्या जेमतेम टेकल्या तर चारही कोपरे एका पातळीत आहेत. मध्ये अंतर पडले तर त्या अंतराच्या दुप्पट एवढा एक कोपरा पातळी सोडून आहे. मात्र एक दोरी दुसरीला दाबत असली तरी ती टेकल्यासारखीच दिसते, म्हणून आधी एक दोरी वर ठेवून आणि मग दुसरी वर ठेवून अशी दोनदा खात्री करावी. हीच तपासणी दार उतरवून, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवून दारावरही करावी. दाराला पोट असल्यामुळे तेथे ठोकळे थोडे उंच घ्यावे लागतील, नाहीतर दोऱ्या पोटालाच टेकतील.

चौकटीचा पीळ आणि दाराचा पीळ वेगवेगळे लिहून कळवा. त्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल.

रेषा आणि गाठ
मी कारणांबद्दल लिहितो, कारण ती कळली की उपाय बरेचसे आपोआप सुचतात.

लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे पाणी घेते आणि सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा सावकाश ९ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतो, ६५ टक्क्यांना तो ११ ते १२ टक्के होतो आणि ८५ टक्क्यांना सुमारे १७ टक्के. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात किनाऱ्यावर ८५ टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे मार्चमध्ये १२ टक्क्यांवर असलेले तुमचे दार आता १७-१८ टक्क्यांवर असणार, निदान माजघराच्या बाजूने तरी.

आता हा फरक दारावर कसा उमटतो ते पाहा. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.३ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो, तर लांबीत तो नगण्य आकसतो. ओलावा ६ टक्क्यांनी वाढला तर वलये रुंदीला समांतर असलेल्या फळ्यांचे ८० सेंटिमीटरचे दार साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद होऊ पाहते. तुमच्या आडव्या पट्ट्या मात्र आपल्या लांबीत वाढत नाहीत, आणि त्या तर तुम्ही गोंदाने पक्क्या केल्या आहेत. फळ्या रुंद होतात, पट्ट्या त्यांना एका बाजूने धरून ठेवतात, आणि दाराला पट्ट्यांच्या विरुद्ध बाजूने पोट येते. तुमचे पोट माजघराकडे आहे, पट्ट्या खोलीकडे आहेत, तेव्हा हा हिशेब बरोबर जुळतो.

त्यात एसीची भर पडली आहे. खोलीतली हवा कोरडी, माजघरातली दमट, आणि जवसाचे तेल पाण्याच्या वाफेला जवळजवळ अडवत नाही. म्हणजे जी बाजू सुकते आहे तिलाच सर्वांत कमी संरक्षण आहे. उन्हात टाकलेला पापड ज्या बाजूने आधी सुकतो त्या बाजूकडे वळतो, तसे हे दार खोलीकडे वळले आहे.

पीळ हा मात्र यातून पुरता समजत नाही. त्यासाठी फळ्यांच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू कसे गेले आहेत ते, पाहावे लागेल. एखाद्या फळीच्या रेषा कडेला समांतर न जाता तिरप्या जात असतील, तर ती फळी ओलावा बदलला की पिळतेच, आणि चिकटवलेल्या शेजारणींनाही बरोबर ओढते. झाड वाढताना त्याचे तंतू खोडाभोवती मळसूत्रासारखे गेले असतील तर असे होते. लवकर वाढवलेल्या कोवळ्या सागाच्या गाभ्याजवळच्या लाकडात आणखी एक खोड असते : ते लांबीतही बऱ्यापैकी आकसते.

सनमायकाच्या दाराबद्दल एवढेच की एक बाजू पक्की बंद आणि दुसरी उघडी असा प्लाय कोकणातच काय, कुठेही सरळ राहत नाही.

परसदार
वरच्या सगळ्यांत एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे दाराची खालची आणि वरची कड. आमच्याकडे मालवणात घर भाड्याने पाहुण्यांना देतात, त्यामुळे रोज फरशी पुसली जाते, आणि दर पावसाळ्यात दारांचा खालचा टीचभर भाग काळवंडतो. दार उतरवून पाहिले तर खालच्या कडेला लाकूड कोरे असते, कारण रंगवणारा माणूस दार टांगलेले असतानाच रंगवतो आणि खालच्या कडेपर्यंत त्याचा हात पोहोचतच नाही. फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी इतर बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने आत जाते. त्यामुळे टांगण्यापूर्वी वरची कड, खालची कड, बिजागऱ्यांच्या खाचा आणि कुलुपासाठी पाडलेले भोक, या सर्वांना बाकीच्या दाराइतकेच हात द्यावेत. मी तर खालच्या कडेला एक हात जास्तच देते.

न्हाणीघराच्या दाराविषयी कोणी विचारण्यापूर्वीच सांगते : तिथे लाकडाचा हट्ट सोडावा.

खाडीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. दोऱ्यांची तपासणी केली. चौकटीवर दोऱ्यांमध्ये १ मिमी अंतर आले, म्हणजे चौकटीचा पीळ २ मिमी. दारावर साडेतीन मिमी आले, म्हणजे दाराचा पीळ ७ मिमी. दोघांची दिशा उलट असल्यामुळे बेरीज ९ मिमी होते, आणि कडीच्या वरच्या कोपऱ्यात बरोबर तेवढेच दिसत होते. 'रेषा आणि गाठ' यांनी म्हटल्याप्रमाणे बिजागरीकडून दुसऱ्या फळीच्या रेषा तळापासून माथ्यापर्यंत चांगल्या चार बोटे तिरक्या गेल्या आहेत. खालची कडही कोरीच निघाली. चौकटीला पाच-सहा वर्षांपूर्वी तेलरंग दिलेला आहे, तिला हात लावायची इच्छा नाही. दार सुधारता येईल की दुसरे करावे?

लोहारआळी
एवढा खल कशाला, हा प्रश्न आहे. आमच्या आजोळच्या घरात प्रत्येक दाराला मागून दोन लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत आणि ती दारे आजही सरळ आहेत. चांगली जाड पट्टी आणून दाबून, बोल्टने आवळली की दार जागेवर येते.

पाणसळ
'लोहारआळी', तुमच्या आजोळची दारे सरळ असतील, पण त्याचे श्रेय पट्ट्यांना देण्यापूर्वी ती दारे कशी केली आहेत ते पाहायला हवे. त्या काळच्या दारांत बहुधा जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडाच्या दीड-दोन इंच जाड फळ्या असतात, त्या एकमेकींना चिकटवलेल्या नसतात, आणि ठोकलेल्या खिळ्यांभोवती लाकडाला थोडे सरकायला जागा असते. शिवाय त्या घरांत एसी नव्हता. आत आणि बाहेर हवा एकच होती. तुम्ही म्हणता तशी पट्टी गोंदाने जोडलेल्या रुंद दारावर बोल्टने आवळली तर दार काही काळ सरळ दिसेल, पण डिसेंबरमध्ये फळ्या आकसू लागल्या की त्यांना जागा मिळणार नाही आणि त्या मधोमध फाटतील. लोखंड वापरायचेच असेल तर ते उभे, म्हणजे फळ्यांच्या लांबीच्या दिशेने, वापरावे. उंचीत आलेल्या बाकावर दाराच्या कडेत बसवलेला उभा अँगल खरोखर उपयोगी पडतो. रुंदीतल्या पोटावर आडवे लोखंड मारायचेच झाले, तर मधले भोक सोडून इतर भोके लांबट हवीत.

'खाडीकाठ', आता तुमच्या दाराकडे वळू. माझा क्रम असा राहील.

आधी दोन्ही बाजूंचा ओलावा समान होऊ द्यावा. दार उतरवून, ऊन न लागणाऱ्या पण वारा खेळणाऱ्या जागी, चार सारख्या पट्ट्यांवर आडवे ठेवावे आणि पंधरा दिवस तसेच राहू द्यावे. पट्ट्यांमुळे खालूनही हवा फिरली पाहिजे, नाहीतर दाराची एक बाजू पुन्हा मागे राहील. पोटाचा बराचसा भाग एवढ्यानेच कमी होईल. यावर चिरे ठेवून दाब देण्याची पद्धत आहे, परंतु नुसत्या वजनाने लाकूड सुधारत नाही. वजनाखाली असताना त्याचा ओलावा बदलला तरच ते नवा आकार धरते, म्हणून चिरे ठेवायचे तर ते ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, लाकूड सुकत असताना ठेवावेत, आणि तेही दार सरळ रेषेच्या किंचित पलीकडे वाकेल असे, कारण वजन काढल्यावर ते थोडे मागे येतेच.

मग आडव्या पट्ट्या काढाव्यात. गोंद लावलेला असल्यामुळे त्या करवतीने चिरून आणि उरलेले रंध्याने काढावे लागेल. नव्या पट्ट्या गोंदाशिवाय बसवाव्यात. मधला स्क्रू पक्का, आणि कडेकडच्या स्क्रूंसाठी पट्टीत आठ ते दहा मिलिमीटर लांब अशी आडवी भोके. फळ्यांनी हलायचे तितके हलावे, पट्टीने फक्त त्यांना सपाट धरावे.

राहिला पीळ. तो रेषांचा दोष असल्यामुळे कधीच पूर्ण जाणार नाही, पण तो चार कोपऱ्यांत वाटून टाकता येतो. ज्या कोपऱ्यात दार बाहेर राहते, त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातली बिजागरी त्याच दिशेने सरकवायची. तुमचा कडीचा वरचा कोपरा बाहेर राहतो, म्हणजे खालची बिजागरी बाहेरच्या बाजूला सरकवायची. ९ मिमीपैकी साडेचार मिमी ती सरकवली की कडीचा वरचा कोपरा साडेचार मिमीच बाहेर राहील. मधली बिजागरी असेल तर तीही याच्या निम्मी, सव्वादोन मिमी, सरकवावी लागेल, कारण तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका रेषेत नसतील तर दार कुरकुरते आणि शेवटी स्क्रू उपटून येतात. उरलेल्या साडेचार मिमीसाठी चौकटीच्या खाचेत कडीच्या बाजूने वर साडेचार आणि खाली शून्य अशी निमुळती पट्टी स्क्रूने बसवावी. गोंद नको, म्हणजे उन्हाळ्यात पीळ कमी झाला तर ती काढता येईल. पिनांची रेषा ओळंब्यातून थोडी ढळल्यामुळे दार उघडे ठेवले असता स्वतःहून किंचित सरकेल. त्यावर दाराला खालून टेकणारा एक साधा खुंटा पुरतो.

हे सारे गणपतीपूर्वी करण्याच्या फंदात मात्र पडू नये. तूर्त वरच्या टोकाला एक छोटा टॉवरबोल्ट बसवा आणि रात्री दार ओढून लावा. एवढ्याने माणसे झोपू शकतील.

एक लक्षात असू द्या : २ मीटर उंचीच्या दारात ६ मिलिमीटरपर्यंतचा बाक कारखान्यातले दार विकणारेही दोष मानत नाहीत. घरच्या दाराकडून आरशाची सपाटी मागू नये.

जुनी वखार
पुढची दारे करताना लाकूड कसे घ्यावे याबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक लोक फक्त रंग आणि भाव पाहतात.

भारतीय मानक आयएस २८७ मध्ये देशाचे दमटपणानुसार चार विभाग केले आहेत. त्यांतल्या सर्वांत दमट विभागात ५० मिमीपेक्षा कमी जाडीच्या दारा-खिडक्यांच्या लाकडात १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. आतल्या दारासाठी, आणि विशेषतः खोलीत एसी असेल तर, मी १२ टक्क्यांच्या जवळचे लाकूड घ्यावे असे सांगेन. ओलावा मोजण्याचे दोन टोकांचे यंत्र आता सहज मिळते, पण ते फळीच्या पृष्ठभागावर न टोचता, टोकापासून फूटभर आत करवतीने ताजा छेद घेऊन त्याच्या मध्यावर टोचावे. यंत्र नसेल तर घरचा तराजूही चालतो. त्या छेदातला एक तुकडा वजन करून ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसच्या आसपास वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवावा. ५८ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर आला, तर घटलेले ८ ग्रॅम भागिले ५०, म्हणजे १६ टक्के ओलावा. असे लाकूड घरी आणून माळ्यावर आणखी मुरवावे लागेल. पूर्वी घराघरांत चुलीच्या वरच्या माळ्यावर फळ्या पडलेल्या असत, त्यामागे हेच शहाणपण होते.

फळ्या रचताना दर दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि वरच्या थरातली पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. पट्ट्या मागेपुढे झाल्या की फळी सुकतानाच लाटेसारखी होते आणि मग दोष झाडाला दिला जातो. फळ्यांची टोके मेणाने किंवा जुन्या रंगाने बंद करावीत.

जातीबद्दल विचाराल तर सागानंतर माझी पसंती शिवणीला आहे. ती हलकी असते, कमी आकसते आणि एकदा सुकली की आपली जागा सोडत नाही. तिला लोकांनी उगाच हलक्यात काढले आहे. जुना फणसही उत्तम : गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पिवळा रंग वर्षागणिक तपकिरी होत जातो. ऐनाचे लाकूड चौकटीला ठीक, दाराच्या रुंद फळीला नको, कारण सुकताना ते चिरते आणि पिळते. आंबा स्वस्त म्हणून घेतात, पण त्याला भुंगा लागतो.

फळी निवडताना ती डोळ्यासमोर धरून लांबीत पाहावी, आणि मग कापलेल्या टोकाकडे पाहावे. टोकाला वलये जितकी उभी, तितकी फळी भरवशाची. वलयांचा केंद्रबिंदूच फळीत आला असेल तर ती दुसऱ्या कामाला ठेवावी.

खाडीकाठ
म्हणजे देवघराचे दार का टिकले याचेही उत्तर यातच आहे असे दिसते. निजायच्या खोलीचे दार 'पाणसळ' यांच्या पद्धतीने सुधारून पाहीनच, पण दिवाळीनंतर त्या खोलीसाठी सांगाड्याचे नवे दार करण्याचा विचार पक्का होत आहे. फळी खाचेत किती सैल ठेवावी? आणि कोठीच्या सनमायकाच्या दाराचे काय करावे?

रेषा आणि गाठ
सांगाड्याच्या दारात रुंदीत वाढणारे लाकूड फारच थोडे असते. दोन्ही उभ्या पट्ट्या १०० मिमीच्या धरल्या तर ओलाव्याच्या त्याच ६ टक्क्यांच्या फरकात प्रत्येकी जेमतेम १ मिमी वाढते. आडव्या पट्ट्या आपल्या लांबीत वाढत नाहीत. मधल्या फळ्या वाढतात, पण त्या खाचेत मोकळ्या असतात. म्हणून सगळे दार मिळून साडेआठऐवजी दोनच मिलिमीटर रुंद होते, आणि देवघराच्या कडीजवळ तुम्हाला जे घासताना जाणवते ते हेच दोन मिलिमीटर आहेत.

मध्ये एक उभी पट्टी घेऊन दोन फळ्या बसवल्या तर प्रत्येक फळी साधारण २७ सेंटिमीटर रुंद येईल आणि वर्षभरात सुमारे ३ मिमी हलेल. खाच १२ मिमी खोल घ्या. सैलपणा मात्र दार कोणत्या महिन्यात करता यावर ठरवा. मार्गशीर्षात, मतलई वाऱ्यांनी लाकूड सुकलेले असताना करत असाल, तर फळीला पुढे फुगायचे आहे हे धरून दोन्ही कडांना मिळून ४ मिमी जागा सोडा. पावसाळ्यात करत असाल तर लाकूड आधीच फुगलेले आहे, १ मिमी पुरे. फळीला खाचेत गोंद लावू नका. फळीवर पॉलिशचे सगळे हात ती खाचेत बसवण्यापूर्वीच द्या, नाहीतर ती आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडेल.

उभ्या पट्ट्यांसाठी सर्वांत सरळ रेषांचे लाकूड राखून ठेवा, दाराची सगळी भिस्त त्यांच्यावर असते. शक्य असेल तर पट्टी मधून उभी चिरून, एक अर्धा उलटापालटा करून, म्हणजे वरचे टोक खाली घेऊन, पुन्हा चिकटवा. दोन्ही अर्ध्यांचा कल एकमेकांविरुद्ध जातो आणि बाक आपसात फिटतो. रंधताना दोन्ही बाजूंनी सारखेच लाकूड काढा. एकाच बाजूने खूप काढले की आतला जास्त ओला थर उघडा पडतो आणि आज सरळ केलेली पट्टी चार दिवसांत वाकते. म्हणून थोडे जाड रंधून आठवडाभर ठेवावे आणि मग शेवटचे माप गाठावे.

कोठीच्या दाराला उपाय एकच : आतूनही तितक्याच जाडीचा सनमायका लावणे. पण आज लावू नका, आज लावलात तर बाक आत कोंडला जाईल. थंडीत प्लायचा उघडा पृष्ठभाग सुकू द्या, दार सरळ झाल्याची दोरीने खात्री करा, सनमायकाचा तुकडाही दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवा आणि मग चिकटवा. चारही कडांना लाकडी पट्टी लावून ती रंगवा. थंडीतही बाक गेलाच नाही, तर पोकळ बाजूने, म्हणजे जुना सनमायका काढून, अर्ध्या जाडीपर्यंत आडवे काप घेऊन त्यांत पाचरी चिकटवण्याचा उपाय आहे, पण त्याने दार कमजोर होते. कोठीच्या दारासाठी मी तेवढा खटाटोप करणार नाही, दुसरा प्लाय आणीन.

परसदार
एसीबद्दल कोणीच स्पष्ट सांगितले नाही म्हणून विचारते. दिवसा ते दार उघडे टाकता का? आमच्या खोल्यांत पाहुणे नसताना आम्ही दारे सताड उघडी ठेवतो आणि एसी २६ अंशांच्या खाली नेऊ देत नाही. तेव्हापासून दोन्ही बाजूंना सारखेच पीयू दिलेली दारे पावसाळ्यातही कुरकुर करत नाहीत. तेल एका बाजूने आणि पीयू दुसऱ्या बाजूने हा प्रकार मात्र आधी बंद करा. तेलाची बाजू घासून घ्या, आणि टर्पेंटाइनने पुसून ती पूर्ण कोरडी झाली आहे हे पाहूनच वर पीयू द्या.

खाडीकाठ
टॉवरबोल्ट आज बसवला, दार लागते. पट्ट्या काढण्याचे आणि पॉलिशचे काम कार्तिकात करीन. तेलाच्या बाजूबद्दलची सूचना महत्त्वाची वाटली. एकच शंका उरली आहे. खालची बिजागरी साडेचार मिमी सरकवायची म्हणजे स्क्रूची नवी भोके जुन्या भोकांना अर्धी चिकटूनच येणार. तिथे स्क्रू धरेल का?

पाणसळ
तसेच फिरवले तर धरणार नाही, स्क्रू जुन्या भोकात घसरेल. जुनी भोके ८ मिमीच्या ड्रिलने मोठी करून त्यांत सागाच्याच गोल खुंट्या गोंद लावून ठोका, दुसऱ्या दिवशी पटाशीने सपाट करा, आणि मग नवी जागा आखून बारीक ड्रिलने आधी भोक पाडा. चौकटीतली बिजागरीची खाच एका बाजूने वाढवावी लागेल आणि दुसऱ्या बाजूला साडेचार मिमीची फट उघडी पडेल. तिथे लाकडाची चपटी चकती चिकटवून द्या, लांबी (पुट्टी) भरू नका. तेलरंगाच्या चौकटीला एवढा एकच हात लागेल. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या, खाडीच्या हवेत लोखंडी स्क्रू पुढच्या वेळी निघणारच नाहीत. पितळी घेतलेत तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा फिरवून काढा आणि मगच पितळी बसवा, कारण सागात पितळी स्क्रूचे डोके मोडायला फार वेळ लागत नाही.